बाईंची धूळ

बाईंच्या घरी धूळ पुसायला मनाई होती. बसण्याआधी आपण सवयीने पदराचं टोक खुर्चीकडे न्यावं, तोच आतून आवाज यायचा, "थांबा, तिथं काम चालू आहे." काम म्हणजे काय, तर खिडकीतून येणारी धूळ त्या खुर्चीवर बसत होती. पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरलेली असे. खुर्चीवर धूळ आणि जमिनीवर माणसं, असा त्या घराचा रिवाज होता. लग्न होऊन मी आदिलाबादला आले त्या वर्षी हळदीकुंकवाला म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, आणि घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, ही बाई एक तर फार हुशार असली पाहिजे, नाही तर फार आळशी. सासूबाई म्हणाल्या की दोन्ही आहे, पण मनाची चांगली आहे.

आळीत त्यांना सगळे ड्रॉइंगबाई म्हणत. सासूबाईंच्या तोंडी मात्र 'मास्तरीणबाई'. जिल्ह्यातल्या मराठी शाळांमधून चित्रकला शिकवत त्यांची नोकरी सरली. कधी इंद्रवेल्लीकडे बदली, कधी थेट बेज्जूरला, पुन्हा शहरात. एकेक शाळा पोरांअभावी बंद होत गेली आणि शेवटी बाईही निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ यवतमाळला. इथे त्या, त्यांचा दमा आणि त्यांची धूळ. दम्याच्या माणसाने धूळ जपावी हा काय प्रकार, असं मी एकदा तोंडावरच विचारलं होतं. माझी जीभ तशी आवरत नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "जी आपल्या छातीत जाऊन बसते, तिचं तोंड तरी पाहावं की नाही?"

वर्गात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. पोरं चित्र काढत ते दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, बाजूला नारळाचं झाड. बाई वही उचलून शांतपणे विचारायच्या, "आदिलाबादेत नारळ कुठं पाह्यला रे?" मग सगळा वर्ग बाहेर. आपले डोंगर टोकदार नसतात, माथ्यावर सपाट असतात, कुणीतरी सुरीने कापल्यासारखे, हे आधी डोळ्यांनी पाहायचं. सागाचं कोवळं पान कागदावर चोळलं की लाल रंग उमटतो, काळ्या मातीत डिंक घातला की ती शाईला मागे टाकते, हे हातांनी करून पाहायचं. सागाच्या पानांनी बाईंची बोटं कायम तांबूस असायची. या वयात मेंदी कुणासाठी, म्हणून आळीत कुजबुज व्हायची, आणि बाईंच्या कानावर ती गेली की त्या हात आणखी पुढे करून दाखवायच्या.

निवृत्त झाल्यावर बाईंनी रंग, कुंचला, कागद सगळं सोडून दिलं. म्हणायच्या, इथली जमीन आणि हवा रोज इतकं काढून ठेवतात की आपण मध्ये हात घालायची गरजच नाही, नुसतं कापड धरायचं. ते त्यांनी खरोखरच केलं. एका दिवाळीला, घराघरात रंगसफेदी चालू असताना, बाई मांजरपाटाचे हातभर चौकोन घेऊन आळीत फिरल्या. प्रत्येकाच्या ओसरीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, चार कोपरे दोरीने ताणून एकेक कापड बांधलं. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्या घराचं आडनाव शिवलेलं. उन्हाळा संपेपर्यंत याला हात लावायचा नाही, एवढंच सांगणं. बायका हो म्हणाल्या. बाईंना नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं की वाद झाला असता.

आमच्या इथल्या हवेत काय काय असतं, हे ज्याला माहीत नाही त्याने एकदा कापसाच्या दिवसांत यावं. मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, जिनिंगची रुई उडून भिंतींना, जाळ्यांना, जेवणाच्या ताटाला चिकटते. मग मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्याची राख येते. महामार्गावरून ट्रक जातात ते वेगळंच. आणि या सगळ्यावर बाराही महिने करडी भुकटी. ती कुठून येते हे आळीत सगळ्यांना माहीत होतं आणि आमच्या घरासमोर कुणी बोलत नव्हतं. शहराबाहेर मावला गावाच्या अंगाला दगड फोडून गिट्टी करायचा क्रशर आहे, आणि आमचे हे तिथे हिशेब पाहतात. आमची चूल त्या गिट्टीवर चालते.

एकदा बाईंबरोबर मावल्याकडे फिरायला गेले होते. रस्त्याकडेचे साग पार करडे पडलेले. बाईंनी एक पान तोडलं, त्यावर बोटाने रेघ ओढली, तेव्हा खालून हिरवं दिसलं. मला म्हणाल्या, "हे झाड काढायचं तर कोणता रंग घेशील?" मी म्हटलं, चला, ऊन चढलं. बाईंनी पुढे विचारलं नाही. पान मात्र भुकटी न सांडता तळहातावर आडवं धरून घरापर्यंत नेलं, आणि मी सबंध रस्ता त्यांच्या मागून चालले, कारण शेजारून चालायची मला लाज वाटत होती.

ती कापडं महिन्या-महिन्याने बदलत गेली. आधी पिवळसर, मग रुईच्या तंतूंची लव, मग राखेचे काळे ठिपके, वर करडी साय. बाई रोज संध्याकाळी फिरून प्रत्येक कापडासमोर उभ्या राहायच्या, हात मागे बांधून, साहेब तपासणीला आल्यासारख्या. होळीच्या सुमारास त्यांचा एक जुना विद्यार्थी हैदराबादहून गावी आला. तो तिकडे चित्रांच्या प्रदर्शनाचं काम करतो. त्याने ही कापडं पाहिली आणि तो पुन्हा पुन्हा एकेका ओसरीत जाऊन पाहत राहिला. आपापल्या मातीवर, पाण्यावर, हवेवर काम करणाऱ्या कलाकारांचं एक प्रदर्शन उन्हाळ्यात भरणार होतं. त्याने बाईंसाठी त्यात एक अख्खी भिंत मागून घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे नारळ खोडणाऱ्या बाईंना त्या वयात पहिल्यांदा कुणी भिंत दिली होती. त्यांनी आळीत पेढे वाटले. मी त्यांना पेढे वाटताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या ह्यांना मात्र तेव्हापासून जेवण गोड लागेना. कापडावर आडनाव, आडनावावर भुकटी, आणि हे सगळं हैदराबादच्या भिंतीवर. मालकाच्या कानावर गेलं तर, एवढंच ते म्हणायचे, आणि तेही माझ्यापाशी. बाईंना कोण सांगणार?

प्रदर्शनाच्या थोडं आधी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भावाकडे गेल्या. इकडे एका दुपारी आभाळ भरून आलं, गारपीट होणार अशी चिन्हं दिसू लागली. बाईंचा सासूबाईंना फोन आला की वादळ येतंय, सगळ्यांकडची कापडं काढून नीट ठेवा, मी आले की घेते. सासूबाईंनी कंबर कसली. घरोघर जाऊन सगळी कापडं गोळा केली. मी तेव्हा घरी नव्हते. संध्याकाळी परतले तर आकाश निवळलेलं, गार एकही पडली नव्हती, आणि आमच्या अंगणातल्या दोरीवर ती सगळी कापडं ओळीने वाळत होती. धुतलेली, नीळ दिलेली, तांदळाच्या पेजेची कांजी केलेली. इतकी पांढरी की डोळे दिपावेत.

सासूबाईंचं काय चुकलं? बाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण त्यांच्या डोक्यात ते वेगळंच बसलं होतं. त्यांना वाटलं, कापड ऊनवाऱ्यात मऊ करून घेतलं, आता मास्तरीणबाई त्यावर चित्र काढणार. आणि चित्र काढायचं कापड स्वच्छ नको का? शिवाय दुसऱ्याचं कापड परत देताना मळकं द्यायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी दारातच थबकले तेव्हा त्या दमलेल्या, पण समाधानी चेहऱ्याने म्हणाल्या, "सगळ्यायच्या घरचं नाव हैदराबादले जाऊन राह्यलं. मळकं कसं जाऊ द्याचं?"

हे कामावरून आले, दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, बरं झालं. त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मी त्यांना वाढत होते आणि मान वर करत नव्हते. घरात कुणी काही चोरलं नव्हतं, कुणी कुणाला शिवी दिली नव्हती, तरी मला आमच्या त्या ताटांची लाज वाटत होती.

बाई आल्या त्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून, बसस्टँडवरून थेट आमच्याकडेच. सासूबाईंनी इस्त्री केलेल्या कापडांची चळत पाटावर ठेवली होती, वर हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ. बाईंनी सगळ्यात वरचं कापड उचललं. चष्मा काढला. नव्या डोळ्याने खूप वेळ पाहिलं, मग नाकाला लावून वास घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाई म्हणाल्या, "वहिनी, किती पांढरी केलीत हो. एवढी पांढरी तर दुकानातून आणली तेव्हाही नव्हती." मग त्यांनी चहा घेतला, कांजीला तांदूळ कोणता वापरला ते विचारलं, आणि चळत छातीशी धरून निघाल्या.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले. बाईंनीच माझा हात धरला. म्हणाल्या की वहिनींना यातलं काही कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, मग भिंतीवर काय लावणार? तर म्हणाल्या, हीच लावणार. वहिनी पाहायला येते म्हणाल्यात, कापड दिसलं नाही तर त्यांना काय वाटेल?

आणि बाईंनी खरोखर ती लावली. आयुष्यातली एकुलती एक भिंत, आणि तिच्यावर कोरी करकरीत कापडं, कोपऱ्यात लाल आडनावं. मी सासूबाईंना घेऊन पहाटेच्या बसने हैदराबादला गेले. त्यांनी जरीच्या काठाचं पातळ नेसलं होतं. त्या थंडगार पांढऱ्या हॉलमध्ये कुणी वाळलेल्या तळ्याची ढेकळं मांडली होती, कुणी नदीचा आवाज ऐकवत होतं. आमच्या आळीची भिंत शेवटी होती. सासूबाईंनी आपलं आडनाव शोधलं आणि त्याखाली फोटोला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

भिंतीशेजारी कापडांवरच्या धुळीची माहिती देणारी छापील पाटी होती. ती आधीच छापून झालेली, काढायची राहून गेलेली. एक तरुणी आणि एक गृहस्थ ती वाचून पुन्हा कापडांकडे बघत होते. गृहस्थ तेलुगूत म्हणाले, "दुम्मु एक्कड उंदि?" धूळ कुठे आहे? सासूबाईंचा सगळा जन्म आदिलाबादच्या भाजीबाजारात तेलुगू ऐकत गेलेला. दुम्मु म्हणजे धूळ, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली, आणि तेवढ्यानेच त्यांना सगळं समजलं.

बाई पलीकडून येत होत्या. सासूबाई त्यांच्यापर्यंत गेल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरीणबाई, म्या तुमचं चित्र धुतलं काय?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं, पण सासूबाईंचं आता खोट्याने भागणार नव्हतं. बाई म्हणाल्या, "चित्र हवेचं होतं वहिनी. हवा कुठं गेली? येत्या दिवाळीला पुन्हा लावू."

सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला तो आदिलाबाद येईपर्यंत मागे घेतला नाही. बसमध्ये एकदाच बोलल्या. "तवाच काऊन नाही सांगतलं मले?" एवढंच. मला वाटलं, बाईंनीच कळू द्यायचं नाही म्हटलं होतं, ते सांगावं. पण तसं सांगितलं असतं तर त्यांची लाज दुपटीने वाढली असती, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत बसले.

आळीने आपलं काम चोख केलं. नोकरी वाचवायला धुतली, पोराच्या पगारासाठी मायने साबण घासला, असं बोललं जाऊ लागलं. पाठीमागे बोलत, पण आम्हाला ऐकू येईल इतक्या अंतरावरून. ह्यांनी आळीच्या तोंडाने यायचं सोडलं, मागच्या गल्लीने येऊ लागले. मला चीड येई ती या गोष्टीची की मी कुणाशी भांडूही शकत नव्हते. सासूबाईंचं मन मला ठाऊक होतं, पण ह्यांचं ते 'बरं झालं'ही मीच ऐकलं होतं.

ती दिवाळी बाईंना मिळाली नाही. श्रावणात दम्याने उचल खाल्ली, दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. यवतमाळहून भाऊ आला. घर आवरताना त्याने सगळ्यात आधी त्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. तो तरी काय करणार, घरात माणसं बसायला येणार होती. मी पाहत उभी राहिले.

त्याच दिवशी शेजारची अक्का माझ्यापाशी रडत म्हणाली, आम्ही उगीच तुमच्याबद्दल वाईटसाईट बोललो. बाई दुकानात, देवळात, जिथे विषय निघेल तिथे सांगत होत्या की कापडं धुवायला मीच सांगितलं होतं, वहिनींचा दोष नाही. त्यांनी हे आमच्या घरात कधी कळू दिलं नव्हतं. आपल्या एका भिंतीवर पाणी पडलं, वर ते आपणच पाडलं म्हणून सांगत फिरायचं, हे त्यांनी कसं केलं असेल, मला अजून समजत नाही. घरी येऊन मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. निवडलेली आणि न निवडलेली एकात मिसळली तरी निवडत राहिल्या.

दिवाळी आली. घराघरात सफेदी सुरू झाली. सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतःचं कोरं पांढरं पातळ काढलं, माझ्याकडून कोपऱ्यात पेन्सिलने आडनाव लिहून घेतलं आणि ते लाल दोऱ्याने शिवलं. टाके वेडेवाकडे पडले. मग स्टुलावर चढून, माझा हात झिडकारून, ते आमच्या ओसरीत ताणून बांधलं. हातभर चौकोन नव्हे, अख्खं पातळ. घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याखालून वाकून यावं लागे.

ज्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा रोज चिंचेने लखलखीत घासला जातो, त्या घराच्या तोंडावर ते पातळ पिवळं पडलं, केसाळ झालं, काळे ठिपके घेऊन करडं होत गेलं. आळीतल्या बायका आधी हसल्या, मग समजावू लागल्या, मग गप्प झाल्या. हे एकदा म्हणाले, आई, निदान मागच्या बाजूला लाव. सासूबाईंनी ऐकलंच नाही असं केलं. उन्हाळा सरला तरी त्यांनी ते उतरवलं नाही. कुणाला द्यायचं हा प्रश्न होताच. पण मला वाटतं, कुणाला द्यायला त्यांनी ते लावलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात क्रशरचे मालक घरी आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, स्वतः. ह्यांची तारांबळ उडाली. खिशातला रुमाल काढून ओसरीतली खुर्ची पुसली, पुन्हा पुसली, आणि शेठजींना बसवलं ते नेमकं त्या पातळाखाली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा शेठजी मान वर करून पाहत होते. पंख्याच्या वाऱ्याने थोडी करडी भुकटी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडली. त्यांनी ती बोटांत घेऊन चोळून पाहिली. ओळखीची असावी.

"माँजी, ये साड़ी धोते नहीं क्या?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, सहज विचारलं होतं.

हे जमिनीकडे पाहत होते. रुमाल त्यांच्या मुठीत होता, त्याचं एक करडं टोक बाहेर आलं होतं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि शेठजींच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या, "राहू द्या शेठजी. तिथं काम चालू हाये."